कागदाच्या खोलीतली कोठी

फोन आला तेव्हा सिस्टीमबाई गॅलरीत बसून कुंड्यांतली माती उकरत होत्या. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण नाव काही निवृत्त झालं नव्हतं. अंध मुलांसाठी ब्रेल पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळले. तिथे त्यांना सगळे सिस्टीमबाई म्हणायचे, मग शेजारी म्हणायला लागले आणि शेवटी चेष्टेचेष्टेत नवराही.

"बाई, मी छापखान्यातून बोलतेय," पलीकडचा आवाज जरा घाबरलेला होता. ही नवी. बाईंच्या जागी आलेल्या आधीच्या दोघी वर्षभराच्या आत सोडून गेल्या. ही तिसरी टिकली. चार वर्षं झाली तरी छापखाना तिला नवीच म्हणत होता.

"बाई, कोठी गेली."

सिस्टीमबाईंनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. "गेली म्हणजे?"

"डिस्क बंद पडली. सकाळी चालू केली तर नुसती टकटक करतेय. आणि आजच मी सगळं नव्या मशीनवर हलवणार होते हो! आजच!"

"बरं, रडू नकोस. मी येते."

"मी कुठे रडतेय?"

"मग नाक कशाने चोंदलंय? येते म्हटलं ना."

बाई माती लागलेले हात धूत होत्या तेव्हा नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" बाई म्हणाल्या, "कोठी गेली." त्याने त्यांची पिशवी आणि चष्मा आणून दारापाशी ठेवला. कोठी म्हणजे काय ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

कोठी उभी केली त्याला बावीस वर्षं झाली होती. त्या वेळी छापखान्यात अकरा कॉम्प्युटर होते, सगळे लिनक्सवर चालणारे आणि सगळे कुणीतरी वापरून टाकलेले. इंटरनेट यायचं टेलिफोनच्या तारेतून, तेही मनात आलं तर. एखादा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे एक पॅकेज, उतरवायला आख्खी दुपार जायची. एका कॉम्प्युटरवर बसवलं की दुसऱ्यासाठी तेच पुन्हा उतरवायचं, मग तिसऱ्यासाठी. मध्येच कुणी फोन उचलला की झालं, पुन्हा पहिल्यापासून.

मास्तर शेजारच्या टेबलावर बसायचे. ते छापखान्याचे मुद्रितशोधक. जन्मापासून डोळ्यांनी अंध. आधी शाळेत शिकवायचे म्हणून मास्तर. बोटांनी पानं वाचून चुका काढायच्या हे त्यांचं काम. पण कॉम्प्युटर आले आणि पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्यांच्या कानाला लागला, तेव्हापासून हा माणूस वेडाच झाला. दीड वर्षात प्रोग्रॅम लिहायला शिकले. साध्या मजकुराचं ब्रेल करणारा छापखान्याचा स्वतःचा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला, कारण आयते मिळणारे प्रोग्रॅम गणिताच्या पुस्तकांची वाट लावायचे. ब्रेलमध्ये आकड्यांना वेगळी टिंबं नसतात. अक्षरांचीच टिंबं घ्यायची आणि त्याआधी आकड्याची खूण लावायची. ती खूण गळली की संपलं. पोराने बेरीज करायची की शब्द वाचायचा?

तर एका दुपारी बाई पाचव्यांदा तेच पॅकेज उतरवत कपाळाला हात लावून बसल्या होत्या. मास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही वाण्याकडे एकेक चमचा साखर आणायला जाता का?"

"म्हणजे?"

"नाही, अकरा चमचे लागतात म्हणून अकरा फेऱ्या मारता का? का एकदाच पोतं आणून कोठीत ठेवता?"

बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, पोतं फार मोठं आहे हो. आणि आणायचं कशावर?"

पोतं आणलं बाईंनीच. विद्यापीठात जलद इंटरनेट होतं आणि तिथल्या एका लॅबवाल्याची ओळख निघाली. घरच्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क त्यांनी काढली, पंच्यात गुंडाळून पोळ्यांच्या डब्यात ठेवली आणि बसने तीन वाऱ्या केल्या. बसला खड्डा लागला की डबा छातीशी धरायच्या. शेजारच्या एका बाईने शेवटी विचारलंच, "लोणी आहे का हो?"

जागा मिळाली कागदाच्या खोलीत. ब्रेलचा कागद जाड, त्याचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. खोलीला सुकलेल्या लाकडासारखा वास यायचा. तिथेच एक मोकळा प्लग होता. मास्तरांनी सगळ्यात जुना कॉम्प्युटर मागून घेतला, आणि दोघांनी तीन आठवडे खपून त्याची कोठी केली. सगळी पॅकेजं एका जागी नीट मांडून ठेवायची, त्यांची यादी बनवायची, शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला मागता येतील अशी वाट करून द्यायची आणि यादीवर आपली सही करायची. कागदावरची सही नव्हे. किल्ली म्हणतात तिला, हा माल आपल्याच कोठीतला आहे याची कॉम्प्युटरला खात्री पटवणारी. शेवटी प्रत्येक कॉम्प्युटरवर एक ओळ बदलायची: बाहेर जाऊ नकोस, कोठीत बघ.

पहिल्यांदा बाईंनी पॅकेज मागवलं तेव्हा मास्तर खुर्ची ओढून जवळ बसले. बाईंनी एंटर मारलं.

"सुरू झालं का?" मास्तरांनी विचारलं.

"झालं."

"बरं. मग संपायला किती वेळ?"

"अहो, संपलं म्हणतेय. बसलंसुद्धा."

मास्तर टेबलावर हात आपटून इतके हसले की पलीकडच्या खोलीतला ठोक्याही कुणीतरी थांबवला. ठोक्या म्हणजे कागदावर टिंबं उठवणारं यंत्र. ते थांबलं की छापखान्यात सगळे दचकायचे.

त्यानंतर पंधरा वर्षं कोठी वाढत गेली. मास्तरांचा ब्रेलचा प्रोग्रॅम, ठोक्याला समजेल अशा भाषेत पानं पाठवणारा प्रोग्रॅम, कोष्टकांचा, नकाशांचा, अशी छापखान्याची स्वतःची बारा पॅकेजं झाली. ती जगात दुसरीकडे कुठे नव्हती. सात वर्षांपूर्वी मास्तर गेले. चार दिवस ताप येतो काय, आणि माणूस जातो काय. वर्षभराने बाई निवृत्त झाल्या.

आणि आता बाई पुन्हा कागदाच्या खोलीत उभ्या होत्या. वास तोच होता. गठ्ठे मात्र कमी झाले होते. नवी जमिनीवर बसली होती, समोर कोठीचं पोट उघडं.

बाईंनी वाकून कान लावला. टक, टक, टक, मग शांत. "ही काही उठायची नाही," त्या म्हणाल्या. "जुन्या कॉम्प्युटरांवर बारा पॅकेजं बसवलेली होती ना? तिथून काढू."

"जुने सगळे गेल्या महिन्यात भंगारात गेले. नवे आठ आलेत. त्यांच्यावर दुसरा एक ब्रेलचा प्रोग्रॅम बसवून पाहिला मी. मजकूर बरा करतो, पण कोष्टकात आकड्याची खूण गाळतो. सातवीचं गणित पाच आठवड्यांत शाळांना पोचायला हवं." नवीने खाली बघत विचारलं, "बाई, बॅकअप कुठे ठेवायचात?"

बाई उत्तर द्यायला गेल्या आणि ओशाळल्या. बॅकअपची डिस्क याच डब्यात, हिच्याच शेजारी लावलेली होती. विजेचा एकच धक्का दोघींना लागला असणार. "मूर्खपणा आमचाच," त्या म्हणाल्या. मग एकदम त्यांचा चेहरा बदलला. "थांब. डोंगरावरची शाळा!"

डोंगरावर अंध मुलींची एक निवासी शाळा होती. तिथे छोटा ठोक्या होता पण इंटरनेट नव्हतं. म्हणून दर तीन महिन्यांनी मास्तर कोठीतला सगळा माल डीव्हीडींवर भरून त्यांना पाठवायचे. नुसते तयार प्रोग्रॅम नाहीत, ते ज्यातून बनतात तो मूळ मजकूरही. बाई म्हणायच्या, "शाळेला तो काय करायचाय?" तर म्हणायचे, "वापरायला द्यायचं तर उघडून बघायलाही द्यावं. एखादी पोरगी उघडेल."

फोन शाळेच्या ग्रंथपालांनी उचलला. त्या स्वतः याच शाळेत शिकलेल्या, आता पन्नाशीच्या. बाईंनी सगळं सांगितलं.

"डीव्हीडी ना? आहेत की," ग्रंथपाल म्हणाल्या. "आमच्याकडे काही टाकत नाहीत. थांबा हं, कपाटाशी जाते." फोनवर पावलं वाजली, दार करकरलं. मग त्या लेबलं वाचू लागल्या. प्रत्येक पाकिटावर मास्तरांनी ब्रेलची पट्टी चिकटवलेली होती. "संच एकोणीस... संच चोवीस... हा एकतीस, ह्याच्यात तीनच चकत्या. कुठला हवा?"

"मास्तरांनी स्वतः बांधलेला शेवटचा."

"मग छत्तीस. माझ्या हातात आहे." जरा थांबून त्या म्हणाल्या, "यात एक कागदही आहे. प्रत्येक संचाबरोबर असायचा. नुसती अक्षरं आणि आकडे, काही अर्थच लागत नाही. पण मास्तरांनी पाठवलाय म्हणजे काहीतरी असेल, म्हणून ठेवला."

बाईंनाही तो कागद काय असेल ते आठवेना. "तो तुमच्यापाशीच राहू द्या," त्या म्हणाल्या. "चकत्या तेवढ्या पाठवा."

चकत्या तिसऱ्या दिवशी कुरियरने आल्या. सहा होत्या. पाच निमूट वाचल्या गेल्या. सहावीवर, म्हणजे नेमकी जिच्यावर छापखान्याची बारा पॅकेजं, एक लांब ओरखडा होता. नवीने ती पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या प्रोग्रॅमला लावली. ती दुपार दोघींनी चहा पीत, चकतीची घरघर ऐकत काढली. संध्याकाळी पाचला बाराही पॅकेजं उतरली. पण कुठली फाईल किती खरी याची जी यादी चकतीवर होती, ती उघडेचना.

"फाईली दिसतायत खऱ्या," नवी म्हणाली, "पण आत एखादा कण बिघडला असला तर? पुस्तक छापून झाल्यावर कळेल. प्रत्येक फाईलचा ताळा हवा होता. ती बत्तीस अक्षरांची ओळ असते ना, फाईल जरा जरी बदलली की वेगळीच निघते..."

"अगं बाई!" सिस्टीमबाई उठून उभ्या राहिल्या. "अक्षरं आणि आकडे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन स्पीकरवर ठेवला. डोंगरावर ग्रंथपाल कागदावर बोट ठेवून बसल्या, इथे नवी पडद्यासमोर आणि बाई मध्ये. पहिली फाईल. "चार, सात, ई, शून्य, बी, बी, नऊ..." ग्रंथपाल सावकाश वाचत होत्या, नवी पडद्यावर बोट सरकवत "हं, हं" करत होती. बत्तीसच्या बत्तीस जुळली. दुसरी जुळली. तिसरी, चौथी. ग्रंथपाल मध्येच म्हणाल्या, "मी पहिलं गणिताचं पुस्तक वाचलं ना, ते तुमच्याच छापखान्याचं. त्यात एक पान उलटं शिवलं होतं."

"ते माझ्या आधीचं असणार," बाई घाईने म्हणाल्या.

नववी फाईल म्हणजे मास्तरांचा ब्रेलचा प्रोग्रॅम. "डी, दोन, सी, ए, आठ..."

"थांबा," नवी म्हणाली. "चौथं काय म्हणालात?"

"ए."

"माझ्याकडे एक आहे."

बारा पॅकेजांत नेमकं हेच बिघडावं! ओरखडा इथेच पडला असणार. नवीने डोळे मिटून घेतले. "सगळं नव्याने लिहावं लागणार," ती पुटपुटली.

"जरा धीर धर," फोनमधून आवाज आला. "मला पुन्हा बघू दे." कागदावर बोट फिरल्याचा अगदी बारीक आवाज आला. "सी झाला... मग एक घर रिकामं आहे. आणि मग ए. रिकामं का ठेवलंय? मास्तर जागा सोडणारे नव्हेत." मग ग्रंथपाल हसल्याच. "अहो, रिकामं नाहीये ते! टिंबं दबलीत. घडी पडलीये कागदाला. मागून हात लावला तर कळतंय, चार टिंबं आहेत. आकड्याची खूण आहे ती. म्हणजे ए नाही. एक! एक आहे तुमचं!"

नवीने आधी बाईंना मिठी मारली, मग फोनलाही मारली असती. उरलेलं सगळं जुळलं.

मग खरं काम सुरू झालं, आणि ते सगळं नवीने केलं. नव्या मशीनवर कोठी मांडली, नवी किल्ली बनवली, आठही कॉम्प्युटरना ती ओळखायला शिकवली. मध्येच तिने विचारलं, "बाई, आता नेट एवढं धावतं. मग कोठी लागतेच कशाला?"

"बाहेर सगळं मिळतं," बाई म्हणाल्या, "आपलं मिळत नाही. या आठवड्यात मिळालं का?"

नवीने मान डोलावली. या वेळी तिने दुसरी प्रत छापखान्याबाहेर ठेवायची सोयही आधी केली.

जुनी पॅकेजं नव्या लिनक्सवर जशीच्या तशी बसत नव्हती. मूळ मजकुरातून पुन्हा बांधावी लागणार होती. मास्तरांनी तो पाठवला होता म्हणून बरं. ब्रेलचा प्रोग्रॅम उघडल्यावर नवी म्हणाली, "बाई, हे वाचलंत का?"

प्रत्येक पॅकेजात बदलांची एक नोंदवही असते; कधी काय बदललं, कुणी बदललं. सगळ्यात नवं वर, जुनं खाली. लोक दोन शब्दांत उरकतात. मास्तर उरकणाऱ्यांतले नव्हते. बाई चष्मा चढवून वाचायला बसल्या.

*ओळ तुटली की आकड्याची खूण पुन्हा येत नव्हती. आता येते. चूक माझी. सिस्टीमबाईंनी तीनदा सांगितलं, मी दोनदा हसलो.*

*अपूर्णांकांची रेघ सुधारली. डोंगरावरच्या एका सहावीतल्या मुलीने पत्र लिहून चूक दाखवली. तिचं बरोबर होतं. तिला कळवलं.*

*आज काही बदललं नाही. फक्त बांधून बघितलं. पावसाने वीज दोनदा गेली, कोठी दोनदा उठली. शहाणी आहे.*

पंधरा वर्षांच्या नोंदी. बाई खाली खाली जात राहिल्या, आणि त्यांना एकेक दुपार दिसायला लागली: मास्तरांचं टेबल, कानाला लावलेला एकच हेडफोन, दुसरा कान छापखान्याकडे. कुठल्या नोंदीच्या दिवशी आपण भांडलो होतो तेही आठवलं. मग त्या पुन्हा वर आल्या. सगळ्यात वरची नोंद मास्तर जाण्याआधी आठ दिवसांची होती. *कोष्टकाचा समास एका घराने वाढवला. बोटाला जागा हवी.*

"आता इथे वर नवी नोंद लिहावी लागेल," नवी हळू आवाजात म्हणाली. "पुन्हा बांधायचं तर नियमच आहे तसा. तुम्ही लिहिता?"

बाईंनी की-बोर्डवर हात ठेवले आणि उचलले. मास्तरांच्या शेवटच्या ओळीवर आणखी एक ओळ चढली की ती शेवटची राहणार नव्हती. सात वर्षं कुणी त्यांच्या वर काही लिहिलं नव्हतं. बाईंना पदर डोळ्याला लावावा लागला. नवी उठून उगीचच कागदाचे गठ्ठे सरळ करायला लागली.

"ये इकडे," थोड्या वेळाने बाई म्हणाल्या. "तूच लिही. नावही तुझंच घाल."

"माझं? मी फक्त बांधतेय हो."

"उद्या काही बिघडलं तर फोन कुणाला येणार? मला? मी कुंड्या बघतेय. लिही. आणि दोन शब्दांत उरकू नकोस."

नवी बराच वेळ विचार करत बसली. मग तिने लिहिलं: *नव्या यंत्रांसाठी पुन्हा बांधलं. डोंगरावरच्या ग्रंथपालांनी बोटांनी ताळा जुळवून दिला. एका घडीने आमचा जीव घेतला होता.* खाली स्वतःचं नाव, आजची तारीख. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "हं. मास्तरांना चाललं असतं."

सातवीच्या गणिताचं पहिलं पान ठोक्यातून आलं तेव्हा कोष्टकातली एकही खूण गळली नव्हती. पुस्तकं वेळेच्या चार दिवस आधी रवाना झाली. त्याच आठवड्यात बाई मास्तरांच्या बायकोला, वहिनींना, छापखान्यात घेऊन आल्या. नवीने त्यांना खुर्ची दिली आणि नोंदवही पडदा वाचणाऱ्या प्रोग्रॅमला लावली, मास्तर ऐकायचे त्याच सपाट आवाजात. वहिनी हात मांडीवर ठेवून अगदी शेवटच्या नोंदीपर्यंत ऐकत राहिल्या. कुठे हसल्या, कुठे मान हलवली. संपल्यावर म्हणाल्या, "'चूक माझी'? असं लिहिलंय?"

"तीन-चार ठिकाणी," नवी म्हणाली.

"घरी एकदासुद्धा म्हणाले नाहीत हो," वहिनी म्हणाल्या. "तेवढं पुन्हा लावतेस का, बाळ?"

नवीने पुन्हा लावलं.